पालकांसह हजर राहावे

"सर, तुमचं शिक्षण किती झालंय?"

भर क्लासात उभं राहून मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सर फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते. सर म्हणजे माझे पप्पा. पण क्लासचा जिना चढला की पप्पांना सर म्हणायचं, हा आमच्या घरातला नियम होता. तो इतका पक्का की एकदा क्लासात मला ताप भरला, मी "सर, मला घरी सोडा" म्हणाले, आणि त्यांनी मला "पालकांना बोलावून घे" असं सांगितलं होतं.

प्रश्न खरं तर माझा नव्हताच. मुस्कान आणि प्रांजलनं तो माझ्या गळ्यात घातला होता. त्या जूनमध्ये स्टँडसमोर एक नवी अकॅडमी उघडली होती आणि तिच्या फ्लेक्सवर प्रत्येक सरांच्या फोटोखाली डिग्र्यांची ही लांबलचक रांग होती. भेळ खात ती रांग वाचता वाचता मुस्कान म्हणाली, "ईश्वरी, तुझ्या पप्पांची डिग्री कोणती गं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मला माहीतच नव्हतं. आमच्या पाटीवर नुसतं 'घोलप सरांचे गणित' असं लिहिलेलं. करमाळ्यात त्याच्यापुढं आणखी काही लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. प्रांजल म्हणाली की मग विचार की उद्या, सगळ्यांसमोर, हिंमत नसेल तर वक्तृत्वाचा कप परत देऊन टाक. मी नुकताच तालुक्याचा कप आणला होता. त्या दिवसांत मला कशाचीच भीती वाटत नसे. आता बारावीत आहे, आता थोडी वाटते.

तर प्रश्न विचारला. सर चिडणार, खडू फेकून मारणार, या आशेवर अख्खा क्लास सरसावून बसला. पण त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि एखाद्या उदाहरणाचं उत्तर सांगावं तसं सांगितलं,

"बीएस्सी. तिसरं वर्ष नापास."

मागच्या बाकावरून कुणीतरी चाचरत विचारलं, "कुठल्या विषयात, सर?"

"गणितात," सर म्हणाले. "पुढचं समीकरण लिहून घ्या."

घरी आल्यावर आईनं मला फैलावर घेतलं असतं, पण तिला हसू आवरेना. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तिला हे लग्नाआधीपासून माहीत होतं. आजोबा आजारी पडले तेव्हा पप्पा शेवटच्या वर्षाला होते, घर चालवायला त्यांनी चार पोरांची शिकवणी धरली, तेवढ्यात तो एक पेपर राहिला, आणि 'पुढच्या वर्षी देऊ' म्हणता म्हणता चार पोरांचा क्लास झाला आणि क्लासचं नाव झालं. लपवलं असं काही नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. "अख्ख्या गावाला जे वीस वर्षं सुचलं नाही ते तुझ्या मैत्रिणींना भेळ खाताना सुचलं," आई म्हणाली. "आता बघ गंमत."

गंमत दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली. ज्यांच्या घरातली दोन-दोन पोरं पप्पांच्या हाताखालून इंजिनिअरिंगला गेली होती, ती माणसं तिसऱ्या पोराला घेऊन जायला आली. सगळे फार नम्र. सर, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण हल्ली स्पर्धा किती वाढलीय, वगैरे. पप्पांचं गणित रात्रीतून बदललं नव्हतं. पण नापास माणसानं शिकवलेलं गणित पास कसं होईल, अशी शंका लोकांना आली, आणि ज्यांची पोरं त्या गणितावर आधीच पास झाली होती त्यांनाही आली. क्लासात मागचे बाक मोकळे पडायला लागले. मग मधले.

जुलैमध्ये पप्पांनी कॉलेजात नाव घातलं. जुना अभ्यासक्रम केव्हाच बंद झाला होता, त्यामुळं राहिलेला एक पेपर देऊन भागणार नव्हतं, अख्खं तिसरं वर्ष पुन्हा करायचं होतं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास. आई म्हणाली, "या वयात माणसं चष्म्याचा नंबर बदलतात. हे सरळ वर्ग बदलतायत." पण सकाळी शर्टाला इस्त्री तीच करून द्यायची.

गावानं याचाही अर्थ काढलाच. नापास होऊन शिकवत होते तोवर घोलप सर होते. पास व्हायला निघाले तर लोक म्हणायला लागले, सरच अजून शिकतायत, ते आपल्या पोरांना काय शिकवणार.

पहिल्या दिवसाची हकीकत आम्हाला मुस्कानच्या भावाकडून कळली, तो त्याच वर्गात होता. पप्पा पाठीला सॅक लावून वर्गात शिरले. निम्मा वर्ग त्यांच्याच क्लासचा, त्यामुळं सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. पप्पा सवयीनं "बसा" म्हणाले. वर्ग बसला. मग आपण उभे का आहोत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. एवढ्यात शिकवायला खटके सर आले. अभिजित खटके, हेही पप्पांचेच विद्यार्थी, आता प्राध्यापक. ते दारातच थबकले. आणि कुणाला काही कळायच्या आत, शेवटच्या बाकाकडं बघत म्हणून गेले, "सर, आत येऊ?"

असे दिवस चालले होते. पप्पा रोज जेवताना कॉलेजातलं काहीबाही सांगत. कँटीनचा चहा, पोरांचे मोबाईल, पंखा नसलेली प्रयोगशाळा. एक दिवस मात्र काही बोलले नाहीत. आईनं दोनदा विचारल्यावर म्हणाले, "आज मला कळलं नाही."

आता यातलं वजन समजायला आमचा क्लास माहीत हवा. पप्पांच्या क्लासात 'कळलं नाही' हे शब्द चालत नसत. कुणी म्हणालंच, तर सर न वळता म्हणत, "कळलं नाही म्हणजे ऐकलं नाही." की तो विषय संपला. मी चार वर्षं क्लासात बसत होते आणि न कळलेल्या ठिकाणी मान हलवायची कला मला इतकी जमली होती की मी ती मुस्कानला शिकवली होती.

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय. हात वर केला. म्हणालो, सर, कळलं नाही. पोरं हसली." पप्पा भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले. "अभिजितनं पुन्हा सांगितलं. तरी कळेना. मग त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, निराळ्या पद्धतीनं. हसला नाही, काही नाही."

आणि थोड्या वेळानं, कुणाकडंच न बघता, "तो सातवीत असताना एकदा म्हणाला होता मला. कळलं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी क्लासात सर एक उदाहरण संपवून फळ्याकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "कुणाला कळलं नाही?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले, हा काय नवीन सापळा. सर थांबून राहिले. शेवटी मुस्काननं हात वर केला, अर्धाच. सरांनी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्या पायरीपासून. त्या दिवशी मला त्रिकोणमिती कळली. चार बाक उरले होते क्लासात, पण त्या चार बाकांवरचे आम्ही सगळे तेव्हापासून वेळेवर यायला लागलो.

परीक्षा नोव्हेंबरात होती. पप्पांनी अभ्यास असा केला की घरात टीव्हीचा आवाज मी कमी करायचा आणि 'डोळ्यांवर ताण आणू नका' असं आईनं ओरडायचं. शेवटचा पेपर गणिताचा, वीस वर्षांपूर्वी राहिलेला तोच विषय. पप्पा त्या दिवशी देवाला नमस्कार करून निघाले, आणि दुपारी परत आले ते थेट आतल्या खोलीत जाऊन बसले.

झालं ते असं. पेपर त्यांचा लवकर लिहून झाला. वेळ उरला. समोर लिहिलेला पेपर, आणि खिशात नेहमीची दोन पेनं, निळं आणि लाल. लाल पेन त्यांच्या खिशाला इतकं चिकटलेलं की माझ्या मामाच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत ते आहे. वीस वर्षं संध्याकाळी जे केलं तेच त्यांच्या हातानं केलं. लाल पेन उघडलं आणि पेपर तपासायला घेतला. बरोबरच्या खुणा केल्या, चुकीच्या ठिकाणी गोल केले, समासात मार्क मांडले, शेवटी बेरीज करून खाली शेरा लिहिला. शेरा लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा पर्यवेक्षक बाजूला उभे होते.

उत्तरपत्रिकेत लाल शाई म्हणजे ओळखीची खूण. ओळखीची खूण म्हणजे गैरप्रकार. हे पप्पांनी स्वतः किती पोरांना परीक्षेच्या आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं.

दोन दिवसांनी कॉलेजची नोटीस आली. विद्यार्थ्यानं प्राचार्यांसमोर खुलासा करावा, आणि खाली ठरलेलं वाक्य: पालकांसह हजर राहावे.

आईला वाटलं, हे छापील असतं, यांना कसलं लागू. पण पप्पा नियमाचे. आजवर त्यांनी एकाही पोराला पालकांशिवाय सोडलं नव्हतं. "लिहिलंय तर न्यायला पाहिजे," ते म्हणाले. प्रश्न एवढाच होता की कुणाला. आजोबा नाहीत, आजी नाही. आईला विचारलं तर तिनं साफ सांगितलं, "लग्नात मी बायको म्हणून उभी राहिले होते. पालक म्हणून येणार नाही. दवाखान्यात तोंड दाखवायचंय मला."

मी ताटातला भात संपवत होते. "मी येते," मी म्हणाले.

त्या सकाळी मी शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घालून पप्पांच्या मागं स्कूटरवर बसून कॉलेजात गेले. गेटवर मुस्काननं मला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. गावात तोवर बातमी फिरली होती आणि फिरताना तिचा लाल पेनाचा भाग गळून पडला होता. उरलं होतं ते एवढंच, की घोलप सर कॉपीत सापडले. उरलेल्या चार बाकांतल्या दोघांच्या घरून सकाळीच फोन येऊन गेले होते.

प्राचार्या नलवडे मॅडमच्या केबिनमध्ये खटके सर आधीच बसलेले. पप्पांना बघून ते उठले आणि खुर्ची पुढं केली. पप्पा बसले नाहीत. हात मागं बांधून, जमिनीकडं बघत उभे राहिले. आमच्या क्लासात गृहपाठ न केलेली पोरं उभी राहतात, अगदी तसे.

मॅडमनी कागद चाळले. "पालक कुठं आहेत?"

"मी," मी म्हणाले.

"तू कोण?"

"यांची मुलगी. ईश्वरी प्रमोद घोलप, दहावी ब."

मॅडमनी चष्मा काढला. मुलगी पालक कशी असेल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी वक्तृत्वाचा आवाज लावला. नोटिशीत पालक कोण असावा ते लिहिलेलं नाही, मॅडम, आजी-आजोबा नाहीत, आई ड्यूटीवर आहे, राहिले मी. खटके सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

मॅडमनी पप्पांना विचारलं की हे कशासाठी केलंत. पप्पा म्हणाले, "वेळ उरला होता." मग म्हणाले, "समोर लिहिलेला पेपर होता." आणि मग काहीच म्हणेनात. वीस वर्षं ज्या माणसाचा आवाज खालच्या खताच्या दुकानात ऐकू जायचा, तो गप्प. यांना कॉपीचा शिक्का बसला तर क्लास संपला, पाटी उतरली, हे मला घरून निघतानाच माहीत होतं. पण हे गप्प राहतील हे माहीत नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, "शेवटचं पान बघता का? तिथं बेरीज केलेली असणार. ते नेहमी करतात."

मॅडमनी पान उलटलं. बेरजेवर बोट ठेवलं.

"नापास केलंय," त्या म्हणाल्या. "स्वतःला."

"ओळखीची खूण करणारा माणूस स्वतःला नापास करील का, मॅडम?"

मॅडम उत्तर द्यायच्या ऐवजी खालचा शेरा वाचायला लागल्या, आधी मनात, मग मोठ्यानं. "'पायरी कुठंय? घाई नडली.'" चष्मा पुन्हा लावला. "'पालकांनी येऊन भेटावे.'"

खटके सरांना आता हसू आवरलं नाही.

"म्हणून तर आलेय मी," मी म्हणाले.

मॅडमही हसल्या, पण प्राचार्य असल्यामुळं लगेच थांबल्या. त्यांनी लिहून दिलं की गैरप्रकाराचा हेतू दिसत नाही, शिक्षा काही नाही. पण लाल शाईचा पेपर धरता येणार नाही, नियम म्हणजे नियम. तो रद्द. एप्रिलमध्ये पुन्हा द्यावा. पालक म्हणून मला खाली सही करायला लावली. मी माझी आयुष्यातली सर्वांत झोकदार सही केली.

बाहेर व्हरांड्यात खटके सर आमच्या मागून आले. म्हणाले, "सर, एक सांगू? मी तपासला असता तर पास केला असता."

"पायरी सुटली होती," पप्पा म्हणाले.

"सुटली होती. पण वाट बरोबर होती. आम्ही वाटेचे मार्क देतो."

"देता?"

"देतो, सर."

पप्पांनी खिशातलं लाल पेन चाचपलं. "मी कधी दिले नाहीत."

"माहितीये," खटके सर म्हणाले. "मी होतो ना क्लासात."

संध्याकाळी क्लास नव्हता, म्हणजे होता, पण पप्पांनी सुट्टी दिली. जिन्यावर कुलूप बघून मुस्कान आणि प्रांजल परत गेल्या. आई ड्यूटीवरून आली ती कॉपीचीच बातमी घेऊन, दवाखान्यातल्या एका पेशंटनं इंजेक्शन घेता घेता तिला सांगितली होती. आम्ही जेवायला बसलो. पप्पांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "बास झालं. कॉलेज सोडतो. नाही तेवढं हसू झालं. डिग्रीवाचून इतकी वर्षं गेली, राहिलेली जातील."

मला वाटलं आई आता म्हणणार, मी सांगत होते. ती म्हणाली, "सोडायचं तर सोडा." वाटीत आमटी वाढली. "पण सकाळी सॅक लावून निघायचात ना, तेव्हा दारापर्यंत यावंसं वाटायचं मला."

पप्पांनी आमटी भातावर ओतली. शर्टाच्या खिशात दोन्ही पेनं तशीच होती, निळं आणि लाल.

मी ताटावरून उठले, हात धुतले आणि तालुक्याला उभी राहिले होते तशी भिंतीपाशी उभी राहिले.

"मी काहीतरी ठरवलंय," मी म्हणाले. "पालक म्हणून."

"ईश्वरी, बस खाली," आई म्हणाली. मी बसले नाही.

"उद्या क्लास उघडायचा. मी हात वर करणार आहे आणि विचारणार आहे, सर, पेपरात काय झालं. तुम्ही जसं झालं तसं सांगायचं. मागं डिग्रीचं सांगितलंत तसं. दोघं आले तर दोघांना सांगायचं."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. क्लासात बघतात तसं नाही. "आणि?"

"आणि मार्चमध्ये मी बोर्ड देणार, एप्रिलमध्ये तुम्ही पेपर देणार. कागदावर माझी सही आहे." मी हात पुढं केला. "ते लाल पेन इकडं द्या."

त्यांचा हात आपोआप खिशावर गेला. "मग पोरांचे पेपर कशानं तपासू?"

"क्लासात रोज देईन मी. क्लास सुटला की परत माझ्याकडं," मी म्हणाले. "तुमचा पेपर तपासायला खटके सर आहेत, पप्पा. तुम्ही नुसता लिहायचा."